एकच गोष्ट बदलायची

अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर पातळ पांढरं कापड टाकलं होतं आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आठ वजनं ठेवली होती. पायऱ्या चढण्याआधी तनयाने ती मोजली. जांभ्या दगडाचे सहा तुकडे, फुटक्या कौलाचे दोन. मग कापडाच्या कडेने एक फेरी मारून तिने पुन्हा मोजली. आठच. मागच्या मे महिन्यात ती याच अंगणात आली होती तेव्हा वजनं अकरा होती. जास्तीची तीन पांढऱ्या चिनी मातीची होती. कोंबडीच्या अंड्याएवढी, प्रत्येकाला आरपार भोकं आणि कडेने खोल खाच.

"खाली काय शोधतेस?"

गौरवी दारात उभी होती.

"काही नाही. सोलं बघत होते."

"यंदा रतांबे कमीच लागले. ये वर. आबा वाट बघतायत."

एरवी गौरवी धावत पायऱ्या उतरली असती आणि तनयाच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेऊन आत गेली असती. पेडण्याच्या उच्च माध्यमिक शाळेत दोघी एकत्र शिकवत होत्या, तनया पदार्थविज्ञान, गौरवी वाणिज्य. चार वर्षं एकमेकींच्या डब्यात हात घालून जेवल्या होत्या. आज गौरवीचा एक हात चौकटीवर होता आणि तो तिने काढला नाही. तनयाला अंग चोरून तिच्या बाजूने आत जावं लागलं.

पिशवीत वाचनालयाच्या वार्षिक अंकाच्या दोन प्रती होत्या. एक आबांनी मागितली होती म्हणून. प्रतींच्या खाली शाळेच्या प्रयोगशाळेतली तीस मीटरची टेप होती. डिचोलीच्या घरून निघताना ती तिने आठवणीने घेतली होती. अंकात छापलेल्या आपल्या कथेत दोन माडांमधलं अंतर तिने अंदाजाने लिहिलं होतं आणि ते तिला महिनोन्महिने खुपत होतं.

कथा त्या तीन अंड्यांनीच दिली होती. त्यांच्याकडे पाहताक्षणी तिला कळलं होतं की ही लोणच्याच्या बरणीवर किंवा सोलांवर ठेवायची वस्तू नव्हे. बिनतारी यंत्राची तार उंचावर ताणताना ती झाडाला किंवा खांबाला टेकू नये म्हणून मध्ये हे तुकडे घालतात. घरात कोणाला तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि कथा तिथेच संपली असती.

तिने लिहिलं ते असं. एकसष्ट सालचा डिसेंबर. तेरेखोल नदीच्या अलीकडे, पेडण्याच्या एका वाड्यावर राहणारा एक माणूस घरातल्या यंत्रावरून पणजीला बातमी कळवतो: भारताच्या फौजा कुठून येतायत, किती, कधी. पणजी सावध होते. दोन दिवसांत संपायची ती लढाई संपत नाही, आणि गोवा आणखी चौदा वर्षं पोर्तुगिजांकडेच राहतो. पुढची पानं त्या चौदा वर्षांची होती. घडलेला इतिहास वळवून लिहिण्याचा तिचा एक नियम होता आणि तो तिने प्रयोगशाळेतून उचलला होता. एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. म्हणून तिने यंत्र नवीन घातलं आणि घर जसं पाहिलं तसं ठेवलं. पाच पायऱ्या, डावीकडे विहीर, समोर दोन माड.

जानेवारीच्या मेळाव्यात ग्रंथपालांनी कथा मोठ्याने वाचून दाखवली. वाचन संपल्यावर लोक गप्प बसून राहिले. तनयाला वाटलं, रंगले.

ओसरीवरच्या सोप्यावर, दगडी बाकावर, गौरवीचे आजोबा गोकुळदास बसले होते. शेजारच्या खुर्चीवर तिचे वडील जयराम. खाणी बंद होऊन ट्रक थांबल्यापासून जयराम टेम्पो चालवत, आणि दुपारच्या वेळी ते घरी असणं म्हणजे काहीतरी खास होतं. गौरवीची आई सत्यवती पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. पाहुणीला पाण्याबरोबर गूळ विचारायचं तिला सुचलं नाही.

"बस गो," गोकुळदास म्हणाले. "अंक हाडलंस?"

तनयाने प्रत पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पान बरोबर काढलं आणि बोट ओळीवर टेकवलं. त्यांनी ते आधी वाचलेलं होतं हे उघड होतं.

"हय तो माणूस तार कापता. दोन तुकडे, सारखे. मापताना बायलेक सांगता, टोक घट धर, ढिला सोडू नको." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ह्यां तुका कोणी सांगलां?"

"कोणी नाही, आबा."

"मगे?"

"एकट्याला तार ताणून मोजता येत नाही. दुसरं माणूस लागतंच. म्हणून बायको घातली."

"आनी दोन सारखे तुकडे?"

"ते पदार्थविज्ञान आहे."

जयराम हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"पदार्थविज्ञानात आमच्या घराच्या पाच पायऱ्यासुद्धा येतात काय गो? आणि बांय? ती विहीर पण पदार्थविज्ञानात डावीकडेच असते?"

तनयाचे कान तापले. "ते माझं चुकलं, काका. घर बदलायला हवं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही की लोक ओळखतील."

जयराम म्हणाले, "लोकांक दुसरा काम काय? लढाई कोण जिंकलो तां कोणी वाचला नाय. घर कोणाचा तां सगळ्यांनी वाचला."

गौरवी भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंड उघडलं ते सरळ मुद्द्याला हात घालण्यासाठीच.

"तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. माझे पणजोबा विठ्ठल, आबांचे वडील, यांच्याकडे रेडिओ होता. वाड्यावर एकच. मांद्र्याचे सखाराम तेव्हा लढ्यात होते. नदी ओलांडून पत्रकं आणायचे. एका खेपेला पोर्तुगीज पोलीस काठावर त्यांची वाट बघतच उभे होते. कोणीतरी कळवलं होतं. तेव्हापासून गावात बोलतात की विठ्ठलाच्या घरात नुसता रेडिओ नव्हता."

"आयकूक होतो," जयराम तोडून म्हणाले. "गाणी आयकूक, बातम्यो आयकूक. बस."

गोकुळदासांनी चष्मा सावरला. ते अजून त्याच ओळीवर बोट ठेवून होते.

"आणि सखाराम," गौरवी म्हणाली, "म्हणजे साईशचे आजोबा."

साईशला तनया ओळखत होती. गेल्या दिवाळीपासून शाळेच्या फाटकाबाहेर मोटारसायकल लावून उभा राहणारा, मांद्र्याचा. येत्या रविवारी त्याचा आणि गौरवीचा साखरपुडा होता. तनयाने पाण्याचा तांब्या उचलला, तोंडाला लावला नाही आणि परत ठेवला.

"त्यांच्या घरी कोणीतरी अंक नेऊन दिला. साईशचे बाबा आज येतायत. तुलाच विचारायला."

"मला?"

"आमी सांगून पटात?" जयराम म्हणाले. "आमी म्हणजे आरोपी. तू बाहेरची, शिकलेली. तू सांग त्येंका, की तू हां सगळां मनान रचलंस म्हणून."

"मनानेच रचलंय, काका. त्यात सांगण्यासारखं काय आहे?" ती थांबली. मग अगदी सहज विचारावं तसं तिने विचारलं, "त्या सोलांवरच्या पांढऱ्या गोट्या कुठे गेल्या?"

जयरामांनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"पोरांनी नेल्या असतीत खेळूक."

घरात पोरं नव्हती. गौरवीने वडिलांकडे पाहिलं आणि तनयाने ते पाहणं पाहिलं. इथे बोलावून आपल्याला विचारतायत, की आपल्याकडून काहीतरी वदवून घेतायत? आणि दोन सारखे तुकडे ही एवढीच गोष्ट आबांना का टोचली? यंत्र रचलेलं, बातमी रचलेली, चौदा वर्षं रचलेली. म्हाताऱ्याने त्यातलं काहीच विचारलं नव्हतं.

साईशचे वडील गोपाळ उन्हं कलायच्या आधी स्कूटरवरून आले. मांद्र्याला त्यांच्या भाड्याने द्यायच्या सात खोल्या होत्या आणि पर्यटकांशी बोलून बोलून त्यांना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघण्याची सवय लागली होती. गुंडाळलेला अंक त्यांनी काखेत धरला होता. ते ओसरीवर बसले नाहीत. पायरीच्या खाली, अंगणातच उभे राहिले, पाठ माडांकडे करून.

"तू ती लिवणारी? माका वाटलां कोण तरी म्हातारो मास्तर असतलो."

"मीच."

"इतिहास बदललंस म्हणतत. बरां. पण माड मात्र आमचे ओळखीचेच ठेवलंस."

"चूक झाली, काका."

"चूक." त्यांनी अंक दुसऱ्या काखेत घेतला. "आयक. माजो बापूस आग्वादच्या तुरुंगात होतो. भायर इलो तेव्हा उजव्या हाताची दोन बोटां वळनत नाय होती. त्या हातान भात कालवून जेवताना आमी त्येका बघीत होतों. पण कोणाचा नाव त्येना मरासर घेतल्यान नाय. म्हणून मी पण घेवक नाय. साईशान ह्या घरातली पोरगी सांगितल्यान, तेव्हा मी म्हटलां, बरां, जुना तां पुरला. आता माजी आवय, ती म्हातारी, ह्या पुस्तक घेवन बसता आनी इचारता, लिवणारणीक कोणी तरी सांगलां असतलांच, नायतर सुचात कसा?"

सत्यवती दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात कोकमाचं सरबत होतं आणि ते कोणाला द्यावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

"माका येकच सांग," गोपाळ म्हणाले. "ह्या घरात धाडूचा यंत्र होता असा तुका कोणी सांगलां? होय काय नाय?"

"नाही. कोणीच नाही."

"मगे सुचला कसा?"

चिनी मातीच्या तुकड्यांचं नाव तिच्या ओठांवर आलं. जयराम तिच्याकडे बघत होते. आबा बघत नव्हते. तिने ते तुकडे टाळले आणि जे तिला चांगलं येत होतं तिथून सुरुवात केली.

"काका, ऐकणं आणि पाठवणं यांत फरक आहे. नुसतं ऐकायचं असेल तर एक तार पुरते. कितीही लांब, कशीही. छपरावर टाका, माडाला बांधा, आवाज येतो. ऐकणारा माणूस तार मोजत बसत नाही. पाठवायचं असेल तर मात्र हिशेबाने कापावी लागते. साधी पद्धत अशी की तारेचे दोन भाग करायचे, अगदी सारखे, आणि मधून यंत्राला जोडायचे. भाग कमीजास्त झाले तर पाठवलेलं सगळं उलटून यंत्रातच येतं आणि यंत्र जळतं. मी पाठवणारा माणूस लिहिला, म्हणून दोन सारख्या तारा लिहिल्या. या घरात तर रेडिओ होता. म्हणजे इथे..."

तिचं बोलणं अडलं.

गोपाळांच्या पाठीमागे दोन तारांवर धुणं वाळत होतं. खालच्या तारेवर अंथरुणाची लेन्सोलं, वरच्या तारेवर साड्या. एक तार माडापासून माडापर्यंत जात होती, पण ती तिथवर पुरत नव्हती. पलीकडच्या टोकाला हातभर सुंभ जोडून तिला माडापर्यंत पोचवलं होतं. दुसरी माडापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत जात होती आणि तिला ते अंतर कमी पडत होतं. उरलेली तार भिंतीतल्या खुंटीला वेढे देऊन देऊन गुंडाळलेली होती. एवढ्या खाऱ्या वाऱ्यात त्यांवर गंजाचा ठिपका नव्हता. जिथे चिमटे लागत तिथे तांबं लालसर चमकत होतं आणि बाकी सगळीकडे ते हिरवं होतं.

धुण्यासाठी तार कापणारा माणूस ती जागेच्या मापाने कापतो. एक जागेला तोकडी आणि एक जागेला लांब पडेल अशा दोन तारा कापून, एकीला सुंभ जोडून दुसरीला खुंटीभोवती गुंडाळत बसत नाही.

"म्हणजे हय?" गोपाळांनी विचारलं.

"म्हणजे इथे एकच तार असणार," तनया म्हणाली. "मिळेल तेवढी लांब."

गोपाळांनी तिचं तोंड नीट निरखलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"हां परत सांग. घरात बायकांक दाखवूक होया. माज्या सांगण्यार त्येंचो इश्वास नाय."

त्यांनी मोबाईल आडवा धरला. तनयाने नाव सांगितलं, शाळा सांगितली, कथेचं नाव सांगितलं. या कथेतलं काहीही खरं नाही, असं म्हणायच्या आधी ती श्वास घ्यायला थांबली.

गोपाळांनी मोबाईल खाली केला. "परत येकदा. ह्या वेळेक मधी थांबू नको. थांबलंस की म्हातारी म्हणतली, बघ, पढवून हाडलेली."

दुसऱ्या वेळी ती थांबली नाही.

गोपाळांनी ते जागेवरच एकदा लावून पाहिलं. अंगणात तनयाचा आवाज बारीक होऊन ऐकू आला. मग त्यांनी सत्यवतीच्या हातून सरबत घेतलं, उभ्यानेच प्यायले, आणि पेला परत देताना पहिल्यांदा "विहीणबाय" म्हणाले. सत्यवतीने पदर तोंडाला लावला आणि आत पळाली.

"आयतवारा येतों," ते जयरामांना म्हणाले. स्कूटर चालू करताना त्यांनी तनयाकडे मान वळवली. "आनी तू गो, पुढल्या वेळेक लंडनातलां घर घाल. थंयचे लोक अंक वाचणत नाय."

स्कूटर वळणाआड गेल्यावर जयराम एकदम मोकळे झाले. त्यांनी मांडववाल्याला फोन लावला, भटजींना लावला, आणि कोणालाही न विचारता तनयाला सांगितलं की आता जेवूनच जायचं, रात्रीला पाव आणि मोरी माशाचं मटण आहे. मग अंगणात येऊन ते धुण्याकडे बघत उभे राहिले.

"हां धुणां काढा. तारापण काढून टाका. मांडवाचे खांब हयच येतले."

"मांडव परवा येणार ना, बाबा?" गौरवी म्हणाली.

"आज काढलां तर काय बिघडला? काढा. मी भंगारवाल्याक घालतंय जाता जाता. मेल्यो कितको काळ लोंबकळतत." आणि टेम्पोची किल्ली आणायला ते घरात गेले.

दोघींनी लेन्सोलं काढली. कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालताना त्या एकमेकींच्या जवळ येत, लांब जात, पुन्हा जवळ येत.

"तू बोलता बोलता थांबलीस," गौरवी म्हणाली.

"दम लागला."

"तनया."

तनयाने घडी तिच्या हातात दिली. गौरवीने ती छातीशी धरली.

"पहिल्यांदा थांबलीस तेव्हा तू धुण्याकडे बघत होतीस. मी तुझ्यासमोरच होते." तिने आवाज उतरवला. "त्या गोट्यांचं तू विचारलंस तेव्हा बाबा खोटं बोलले. मी लहानपणापासून त्या बघतेय. आणि तुझ्या पिशवीत टेप आहे, मघाशी दिसली मला."

"ती माडांसाठी आणली होती."

"मोज."

"गौरवी, मी आत्ताच त्या मोबाईलमध्ये बोलले."

"तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. तू खोटं नाही बोललीस."

"मोजल्यावर ठाऊक होईल."

"तुला आणि मला. साईशला काय सांगायचं ते मी बघीन. पण मी त्याच्या घरात जाऊन त्या म्हातारीला भात वाढणार आहे. काय लपवतेय हे तरी मला ठाऊक हवं ना?"

त्यांनी आधी माडांमधली तार सोडवली. सुंभाची गाठ पावसाने आणि उन्हाने दगड झाली होती. ती सुटेना तेव्हा गौरवीने कोयत्याने कापली. मग न्हाणीच्या भिंतीवरची. तिथले वेढे उलगडताना हाताला हिरवी भुकटी लागली. शेवटचा वेढा निघाला तेव्हा खुंटीखालचा चुना तारेच्या आकाराने खोल गेलेला दिसला. दोन्ही तारा त्यांनी अंगणात शेजारी शेजारी टाकल्या. वाकलेल्या, फिरलेल्या, जमिनीवर त्यांची लांबी काही केल्या डोळ्याने कळत नव्हती.

गोकुळदास पायऱ्या उतरून खाली आले ते दोघींना कळलं नाही. काठी त्यांनी वरच ठेवली होती.

"गोटे जयरामान बांयत टाकले," ते म्हणाले. "अंक वाचलो त्या दिसाक."

गौरवीने मागे वळून विहिरीकडे पाहिलं.

"भियेलो तो. त्येका कायच ठाऊक नाय. त्येका मी कायच सांगूक नाय." ते तारांकडे बघत होते. "तुज्या गोष्टीतलो माणूस पणजीक बातमी धाडता."

"हो."

"पणजीकच कित्याक?"

"मी तसं ठरवलं, म्हणून."

"दुसरीकडे पण धाडू शकलो असतो. नदीपलीकडे. थंय पण कान लावन बसलेले होते."

"धाडू शकला असता," तनया म्हणाली.

"तारेवरसून कळता तां? खंय धाडलां म्हणान?"

तिने मान हलवली. "नाही, आबा. धाडत होता की नाही, एवढंच कळतं. कुठे धाडलं ते तार सांगत नाही."

"हं," म्हातारा म्हणाला. त्या 'हं'मध्ये तिला सुटका ऐकू आली की खंत, ते तिला त्या क्षणीही ठरवता आलं नाही आणि नंतरही. "मगे मापून तुका काय मिळतलां?"

"तेवढंच," गौरवी म्हणाली.

आजोबांनी नातीकडे पाहिलं. आत जयराम सत्यवतीला विचारत होते की टेम्पोची किल्ली कुठे ठेवलीस, आणि ती सांगत होती की माझ्याकडे कशी असेल.

तनयाने पिशवीतून टेप काढली आणि पहिल्या तारेच्या टोकापाशी खाली बसली. तार सरळ करायला तिने ओढली तशी पलीकडचं टोक उसळून सरकलं. गौरवी ते धरायला वाकली.

"तू सोड," गोकुळदास म्हणाले. "तुका जमाचा नाय."

ते हळूहळू खाली बसले, एक गुडघा जमिनीला टेकवून. तारेचं टोक त्यांनी उजव्या हाताच्या मुठीत घेतलं, बोटाभोवती एक वेढा दिला आणि मूठ त्या गुडघ्याखाली दाबून अंगाचा भार तिच्यावर टाकला. डाव्या हाताच्या अंगठ्याने टेपची कडी तारेच्या टोकाशी बरोबर जुळवली. मग मान वर न करता ते तसेच थांबले. तनयाने या बाजूने ताण दिला. तार जमिनीपासून उचलली गेली, एकदा थरथरली आणि सरळ झाली. पलीकडची मूठ तसूभर हलली नाही.

तिने आकडा वाचला. गोकुळदासांनी टोक सोडलं, कोणी न सांगता दुसरी तार उचलली, आणि तसाच एक वेढा बोटाभोवती घेतला.

तिने दुसरा आकडा वाचला. मग टेपची बाजू पालटून दोन्ही तारा पुन्हा मोजल्या.

पहिली तार दहा मीटर बेचाळीस सेंटिमीटर होती. दुसरी तार दहा मीटर बेचाळीस सेंटिमीटर होती.